वहिनी नव्हे, सुभेदार

प्यो मिर्योंगला कुणी वहिनी म्हटलं की तिचा चेहरा बदलत नसे, आवाज बदलायचा. "वहिनी घरी आहेत. इथे सुभेदार प्यो आहे. बोला." समोरचा शिपाई गडबडायचा. समोरचा अधिकारी असला तर हसायचा. त्याला वाटायचं, बाई विनोद करतेय.

आम्ही ह्वाचॉनच्या डोंगरातल्या फौजी वसाहतीत एकाच जिन्याला राहायचो. ती तिसऱ्या मजल्यावर आणि तिच्या बरोबर खाली आम्ही. आमचे हेही सुभेदार, सामानाच्या कोठारावर. मी मात्र फक्त बायको. लग्नाआधी सुवॉनच्या दवाखान्यात परिचारिका होते. दुसऱ्या बदलीत ती नोकरी सुटली आणि पुढच्या बदल्यांमध्ये ती होती हेही लोक विसरले. या इमारतींच्या उत्तरेकडच्या भिंतींवर सगळीकडे सारखीच बुरशी धरते. पडदे मात्र एकाही खिडकीला नीट बसत नाहीत. मागच्या घरातले आखूड पडतात, त्याआधीचे जमिनीवर लोळतात. मिर्योंगने पडदे लावणंच सोडून दिलं होतं. "बघू देत," ती म्हणायची, "समोर डोंगर आहे, त्याला काय दिसायचंय."

तिचा नवरा हाम जुनसॉप हवालदार होता. ती त्याच्या दोन वर्षं आधी फौजेत आली, म्हणून हुद्द्यानेही पुढे. ब्रिगेडच्या फाटकाशी दोघं समोरासमोर आली की तो सलाम करायचा आणि 'तुम्ही' म्हणायचा. घरी आल्यावर 'तू'. सासू जेचॉनहून आली की मिर्योंगला नवऱ्याला 'अहो' म्हणावं लागे. एकदा लसूण सोलताना ती मला म्हणाली, "ताई, सकाळी तो मला अहोजाहो, रात्री मी त्याला अहोजाहो. मानेला तेल घालायला हवं."

फौजेने या दोघांना कधी एका जागी ठेवलंच नव्हतं. तो पूर्व किनाऱ्यावर होता तेव्हा ती पश्चिमेला पाजूजवळ. तिने अर्ज करकरून तो होता त्या गावी बदली मिळवली, तर त्याची पलटण वर सीमेच्या कुंपणावर पहाऱ्याला गेली, जिथून महिनोन्महिने घरी येता येत नाही. मुलगी झाली तेव्हा तो कुंपणावरच होता. फोनवर त्याने तिचं रडणं ऐकलं आणि तेवढ्यात मागच्या माणसाने खांद्यावर टकटक केली, लाइन सोड म्हणून. मग येसोल आजीकडे वाढली. मिर्योंग सुट्टीत गेली की पोर दाराआडून बघायची आणि आजीला विचारायची, "ही फोनमधली आई का?" हे सांगताना मिर्योंग हसली होती. इतकी वाईट हसली की मी सोललेला लसूण पुन्हा सोलायला घेतला.

अखेर दोघं एका ब्रिगेडमध्ये आली आणि येसोलला आपल्याकडे घेऊन आली. ती मुख्यालयाच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहनाच्या कंपनीत, तो शेजारच्या पलटणीत. फौज जोडप्यांची किती काळजी घेते हे दाखवायला ब्रिगेडच्या फलकावर तिघांचा फोटो लागला. फोटो लागला त्या आठवड्यात जुनसॉप सरावाला बाहेर होता.

तरी बरे दिवस होते. कधी मिर्योंग स्वयंपाकघरातून ओरडायची, "हवालदार हाम!" आमच्याकडे वरिष्ठाने हाक मारली की आधी स्वतःचा हुद्दा आणि नाव ओरडून सांगायचं असतं. भरतीच्या पहिल्या दिवसापासून ते अंगात शिरतं, मग निघत नाही. न्हाणीघरातून, तोंडाला साबण लागलेला असतानाही, जुनसॉपचा आवाज यायचा, "हवालदार हाम जुनसॉप!" आणि पाण्याच्या नळीतून खाली आमच्या घरापर्यंत त्यांचं हसू यायचं.

मग लेबनॉनची जागा निघाली. शांतिसेनेच्या तुकडीत सिग्नलची प्रमुख म्हणून. मिर्योंगने यापूर्वीही अर्ज केले होते. एकदा पोट दिसायला लागलं म्हणून नाव गळालं, एकदा येसोलला न्यूमोनिया झाला म्हणून तिनेच मागे घेतलं. या वेळी निवड झाली. आणि त्याच हिवाळ्यात जुनसॉपच्या पलटणीची कुंपणावर जायची पाळी आली.

"मुलीचं काय?" वसाहतीत प्रत्येकीने तिला विचारलं. दुकानात, जिन्यात, कचरा वेगळा करायच्या जागी. जुनसॉप त्याच जिन्यातून रोज जायचा. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कुंपणावर जाण्याआधी पलटणीचं कुटुंबांसकट जेवण असतं. गावातल्या डुकराच्या मांसाच्या हॉटेलात टेबलं जोडली होती, पोरं कोपऱ्यात सूप-भात खात होती. मिर्योंग कात्रीने तव्यावरच्या मांसाच्या पट्ट्या कापत होती. ब्रिगेडचे उपप्रमुख कर्नल सॉक सोजू दारूचा पेला घेऊन उठले.

"आज एका वहिनींचे खास आभार मानायचेत," ते म्हणाले. "प्यो वहिनी! लेबनॉनची एवढी मोठी संधी सोडून त्यांनी घर निवडलं. त्यामुळे हवालदार हाम निर्धास्त मनाने कुंपणावर जाईल. देशसेवा काय फक्त गणवेशातच होते? टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मी मिर्योंगकडे बघितलं. ती पट्टी कापत राहिली, शेवटपर्यंत. मग कात्री खाली ठेवली.

"हवालदार हाम."

आवाज मोठा नव्हता. कवायतीच्या मैदानावरचा होता. जुनसॉप ताडकन उठला, गुडघा टेबलाला आपटला, वाट्या सांडल्या. "हवालदार हाम जुनसॉप!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"माझी जागा कोणी सोडली?"

"मी... कर्नलसाहेबांना सांगितलं."

"कुणाला विचारून?"

"विचारलं नाही."

"पूर्ण बोला."

त्याच्या मानेवरची शीर तटतटली. "कुणालाही न विचारता सांगितलं, सुभेदार."

"अहो वहिनी," कर्नल अजून हसत होते, "जेवणाच्या टेबलावर काय हे? नवराबायकोचं घरी जाऊन—"

"साहेब, मी तुमच्या सिग्नल कंपनीची सुभेदार आहे. माझं जाणं-न जाणं मला विचारायचं असतं. तुम्ही माझ्या कनिष्ठाला बोलावून विचारलंत."

"तो कुटुंबप्रमुख आहे."

"कागदोपत्री घरही माझ्या नावावर आहे, साहेब."

तव्यावरची चरबी तडतडत होती. माझ्या शेजारची पुटपुटली, "गप्प बस म्हणावं हिला. त्याची बढती जाईल." आमच्या यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मी काही बोलणारच नव्हते, पण पाय दाबल्यावर माझं डोकं फिरलं. "मांस करपतंय!" मी ओरडले. अख्ख्या हॉटेलात ऐकू गेलं. दुसरं काही सुचलंच नाही.

परत येताना आम्ही त्यांच्या मागे चाललो होतो. जुनसॉपच्या खांद्यावर येसोल.

"सगळ्यांसमोर मला उभं केलंस," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोर मला बसवलंत तुम्ही."

"ए, हे तुम्ही-बिम्ही बंद कर. आता रस्त्यावर आहोत. तो कर्नल आहे गं! खोलीत बोलावतो, कॉफी देतो, विचारतो, घरचं कसं जमवणार. मी काय सांगू? मी कुंपणावर, तू लेबनॉनला, पोरीला काय शस्त्रागारात ठेवू?"

"हे मला विचारायचं होतं."

"तू 'जाते'च म्हणाली असतीस!"

"हो."

"मग?"

"मग तुम्ही काय करणार ते ठरलं असतं. माझं ठरलेलं होतं."

तो थांबला. येसोलची टोपी सारखी केली, जरा जास्तच जोरात. पोर कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी मिर्योंग कर्नलकडे गेली. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून तिने सगळं सांगितलं, बूटही न काढता. जागा तोंडीच सोडली गेली होती, नाव अजून यादीत होतं. कर्नल म्हणाले, आई आहात, जरा मुलीकडे बघा. ही म्हणाली, "मुलीला बाप आहे, साहेब. तुमच्याच ब्रिगेडमध्ये आहे. हाक मारा, नाव सांगेल."

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. आता शुक्रवारपर्यंत मुलीला कोण सांभाळणार ते लिहून द्यायचंय. नाहीतर जागा दुसऱ्याला."

सासूला फोन झाला होता. नवऱ्याला चारचौघांत उभं करणाऱ्या बाईची पोर मी सांभाळायची का, असं सासूने विचारलं होतं.

"मी सांभाळते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. "आमचे दोन्ही मुलगे शिकायला बाहेर. घर रिकामंच आहे. राहू दे तिला."

तिने माझ्याकडे बघितलं. कर्नलकडे बघितलं असेल तसंच.

"नको, ताई."

"का गं? परकी आहे का मी?"

"तुम्ही सांभाळलंत की तो कुंपणावर जाईल, मी तिकडे जाईन आणि कर्नल पुढच्या जेवणात म्हणतील, बघा, जमलं. नेहमी जमतं. कारण नेहमी कुठली तरी बाई नोकरी सोडून, झोप सोडून जमवते. माझ्या आईने जमवलं, तुम्ही जमवलंत. या वेळी जमायला नकोय मला. या वेळी त्याने जमवायचंय, नाहीतर कुणीच नाही."

"म्हणजे तू नाही गेलीस तरी चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "अजिबात चालणार नाही. मी मरेन. पण तुमच्या जिवावर जाणार नाही."

ती गेल्यावर मी दार आपटलं. मला तिचा राग आला होता. मोफत काम करायला निघालेल्या बाईला नको म्हणणारी ही कोण? मी कोबी चिरायला घेतला, इतका बारीक चिरला की तो कशातच घालता येईना. मग ताट तसंच ठेवलं. आमचे हे म्हणाले, "जेवायला काय?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवशी खरंच काही नव्हतं.

वर शांतता होती. भांडण ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं. बुधवारी जुनसॉप कचऱ्याच्या जागी भेटला. काचेच्या बाटल्या पिंपात ठेवायच्या असतात, तो फेकत होता.

"फुटतील," मी म्हटलं.

"फुटू देत." आणखी एक फेकली. "ताई, एक सांगा. कर्नलने मला बोलावून काय विचारलं माहितीये? 'बायको काय करणार?' आईने फोनवर काय विचारलं? 'बायको काय करणार?' मी त्या पोरीचा बाप आहे की निरोप्या?"

"तुला कुणी अडवलंय का उत्तर द्यायला?"

"विचारलंच नाही कुणी!"

"मिर्योंगने विचारलं."

"विचारलं नाही. हुकूम दिला. सगळ्यांसमोर." शेवटची बाटली त्याने हातात धरून ठेवली. तिची जागा कुठल्या पिंपात ते त्याला ठाऊक होतं, तरी तो पिंपांवरच्या पाट्या वाचत उभा राहिला. "दहा वर्षं मी वाट बघतोय सुभेदार व्हायची. या हिवाळ्यात कुंपणावर गेलो असतो तर पुढच्या यादीत नाव होतं."

शुक्रवारी त्याने बालसंगोपनाची रजा टाकली. फौजेच्या नियमात ती पुरुषालाही मिळते, भित्तीपत्रकावर हसरा बाप असतो. टाकणारे फारसे नसतात. पलटण त्याच्याशिवाय कुंपणावर गेली. जाताना ट्रकमधून कोणी ओरडलं, "हाम वहिनी, आज कालवण कसलं?" अख्खा ट्रक हसला. जुनसॉप रस्त्याकडेला येसोलचा हात धरून उभा होता. कानापर्यंत लाल झाला, पण हलला नाही. मिर्योंग कामावर होती. तिला हे मी सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल.

"आज एकदा ऐकलं ना त्याने," ती म्हणाली. "मी रोज ऐकते."

हे क्रूर होतं. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "असेल."

दोघांमध्ये गोडी झाली नाही. मला लिहायला आवडलं असतं की झाली. जुनसॉप सूप करायला शिकला, खारट करायचा. मिर्योंग एक शब्द न बोलता ते प्यायची आणि भांडं घासून ठेवायची. त्याला वाटायचं ती मुद्दाम गप्प बसते. तिला वाटायचं तो मुद्दाम खारट करतो. कदाचित दोघांचंही बरोबर असेल.

तिची बस सकाळी ब्रिगेडच्या मैदानातून निघाली. धुकं होतं, बँड होता, फुलांच्या माळा होत्या. कर्नल सॉक सगळ्या कुटुंबांना भेटत आमच्यापाशी आले आणि जुनसॉपचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मोठं मन दाखवलंस, हाम. बायकोला परवानगी द्यायला छाती लागते."

"परवानगी मी दिली नाही, साहेब," जुनसॉप म्हणाला. "ती मला वरिष्ठ आहे." तो हसत नव्हता. कर्नलनी हात सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या कुटुंबाकडे वळले.

मिर्योंग येसोलजवळ खाली बसली. काहीतरी कानात बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी ती म्हणाली, "सूपमध्ये मीठ कमी घाल." ती गेल्या कित्येक दिवसांत त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाली होती. तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर. आणि लाइन लवकर सोडू नकोस." ती बसमध्ये चढली. खिडकीतून तिने हात केला तो मुलीला.

बस डोंगराच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी पुढे होऊन येसोलची शाळेची पिशवी उचलायला वाकले, आणि मग तिला हात न लावताच परत सरळ झाले.

"बाबा, आई रागावलीय का?" येसोलने विचारलं.

"हो."

"तुझ्यावर?"

"माझ्यावर. आजीवर. त्या मोठ्या साहेबांवर. बऱ्याच जणांवर."

"आणि तू?"

"मीही रागावलोय."

तिने विचार केला. "मग मी पण," ती म्हणाली आणि पिशवी ओढत, आमच्यापैकी कुणाचीही वाट न बघता, शाळेच्या रस्त्याला लागली.