काकांना चष्मा नको होता

चष्म्याशी इतकं उघड वैर धरणारा माणूस अख्ख्या कोथरूडमध्ये दुसरा सापडायचा नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हे काका जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ते निवृत्त झाले, त्यांचं लाल पेन झालं नाही. आलेल्या लग्नपत्रिका ते दुरुस्त करून यजमानांकडे परत पाठवतात. एकदा मंडईत 'ताजि मेथी' या पाटीपाशी थांबून त्यांनी भाजीवालीला दीर्घ वेलांटीचं महत्त्व सांगितलं. "वेलांटीनं जुडी मोठी होत नाही काका, घेताय का?" असं तिनं विचारल्यावर त्यांनी मुकाट्यानं दोन जुड्या घेतल्या, पण पाटी सुधारूनच हलले.

लांबचं त्यांना लख्ख दिसतं. जवळच्यासाठी मात्र चष्मा, आणि तो म्हणजे त्यांच्या मते नाकावर येऊन बसलेला आणि हलायचं नाव न घेणारा पोटभाडेकरू. त्यामुळे चष्मा कायमचा घालवणाऱ्या लेसरची माहितीपत्रिका हाती पडताच ते सकाळी सातला आमच्याकडे हजर झाले. पत्रिकेत तीन ठिकाणी लाल खुणा होत्या. "ज्यांना 'दृष्टिदोष' धड लिहिता येत नाही, त्यांच्या हाती डोळा द्यायचा?" असं म्हणत त्यांनी मला बरोबर नेलंच.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "काका, हा वयानं आलेला चष्मा आहे. एक डोळा जवळचं बघेल, एक लांबचं, असं करता येतं. पण त्या एका डोळ्याला लांबचं अंधूक दिसेल, आणि बारीक अक्षरांना कदाचित चष्मा लागेलच. सगळ्यांना मानवतं असं नाही. आधी आठवडाभर एका डोळ्यात लेन्स घालून बघा."

"म्हणजे एक डोळा अग्रलेखाला आणि एक बसच्या पाटीला."

"अगदी तसंच!"

त्या आठवड्यात काकांनी एकदा चहा कपाशेजारी ओतला. जिन्यात पाऊल चुकलं तेव्हा कठडा धरून त्यांनी मला बिल्डरची चूक दाखवली. तरी "होईल सवय" म्हणत त्यांनी लेसरची तारीखसुद्धा घेतली.

मग गुरुवार आला. दर गुरुवारी एक अंध मुलगी त्यांच्याकडे यायची. नोकरी सांभाळून ती वकिलीची परीक्षा देत होती, आणि जाडजूड पुस्तकं काका तिला वाचून दाखवत. त्या दिवशी मीही तिथेच होतो. काका चष्म्याशिवाय, मोठ्या ऐटीत वाचत होते. पंधरा मिनिटांनी तिनं हात वर केला.

"काका, हे कलम असं कसं असेल? मागच्या वेळी तुम्ही नेमकं उलट वाचलं होतंत."

काकांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, मग लांब धरलं. शेवटी मी वाकून पाहिलं. 'पात्र राहणार नाही' यातला 'नाही' खालच्या ओळीत गेला होता, आणि काकांकडून तो सुटला होता.

काकांनी लेन्स काढली, खणातला चष्मा लावला आणि सबंध प्रकरण पहिल्यापासून पुन्हा वाचलं. संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखत फोन करून तारीख रद्द केली.

"लोकांच्या चुकांना मी आहे," ते म्हणाले. "माझी चूक तिला दिसायची कशी? ती तर विश्वासानं पाठ करते."

ती पास झाली. गेल्या महिन्यात साताऱ्याला चांगली नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आली. म्हणाली, "तिथे मला सगळं वाचून दाखवणारं यंत्र आहे काका. आता तुम्हाला त्रास नाही."

"वाचू दे त्याला," काका म्हणाले. "पण चुका काढत जा त्याच्या."

ती वाकून नमस्कार करून गेली. काका गॅलरीत उभे होते. रिक्षा चौकातून वळली, दिसेनाशी झाली, तरी बराच वेळ आत आले नाहीत.