सरांनी लिहून ठेवलेला कागद

सर गुरुवारी गेले. त्याच दिवशी आम्ही त्यांचा देह सांगलीकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. साताऱ्याला परतलो तेव्हा माझ्या खिशात पोचपावती होती.

सरांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. जे तपासता येत नाही ते मानू नका, असं ते सांगत. देहदान करा, माझ्यामागे कोणताही विधी करू नका, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि तो कागद माझ्याकडे दिला होता. इतक्या विद्यार्थ्यांतून माझ्याकडे, याचा मला अभिमान होता.

सरांच्या पत्नींनी, आमच्या काकूंनी, देहदानाच्या कागदावर सही केली तेव्हा त्यांचा हात अडखळला नाही. नवव्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावलं. उद्या माहुलीला, संगमावर नेशील का, म्हणाल्या. भटजी नको होता. घरचा भात आणि सरांना आवडायची ती वांग्याची भाजी घाटावर ठेवायची, कावळा शिवला की परत यायचं.

मी कागद काढून वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांचं त्यांनी लिवलं. त्यावर मी सही केली का न्हाई? आता माझं येवढं तू कर."

मी नाही म्हणालो. सरांशी बेइमानी होईल, असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीबरोबर रिक्षाने गेल्या.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. एका मासिकाने सरांच्या विचारांवर लेख मागितलाय. दोन ओळी लिहितो, उठतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. आठवतं ते भलतंच. सर दरवर्षी काकूंना औंधला यमाईच्या दर्शनाला न्यायचे. काकू आत जायच्या. सर पायरीवर पुस्तक वाचत त्यांच्या चपला सांभाळायचे. एकदा मीही होतो. ओळखीच्या एकाने टोमणा मारला, "काय सर, देवीला भ्यायला लागला व्हय?"

"देवीला न्हाई गड्या, हिला," सर म्हणाले.

आम्ही हसलो होतो. ते पायरीवर बसणं त्यांच्या विचारात कुठं बसत होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. कागद तेवढा पाठ केला.

लेख अर्धा पडलाय. रविवारी मी काकूंकडे जातो, त्या चहा करतात. माहुलीला काय झालं ते त्यांनी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.