जाळ्यावरून चालत आलेले पाहुणे

संग्रहालयात कुठलीही नवी वस्तू आली की काकाजी ती आधी नाकाला लावायचे. सूप असो, मुसळ असो, पितळी दिवा असो. डोळे मिटून दोनदा हुंगायचे आणि मग निकाल द्यायचे. "हे घरात वापरलेलं हाय बाई, ठेवा." नाही तर, "हे दुकानातून आणलं कोणीतरी. वापस करा."

आमच्या साहेबांना ते अजिबात आवडत नसे. "लोक बघतायत काकाजी! कुत्र्यासारखं काय हुंगताय?"

"कुत्रं चुकत नाही ना पण साहेब," काकाजी म्हणायचे, आणि पुन्हा हुंगायचे.

मी सोलापूरकडच्या दुष्काळी गावातली. सातवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न झालं, आणि नवऱ्याला महामार्गाच्या कामावर मशीन चालवायला मिळालं म्हणून इतक्या लांब भंडाऱ्याला आले. शहराजवळच्या शहापूरला एक खोली घेतली. इथली माणसं काय बोलतात तेच आधी कळायचं नाही. बायासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या, मला हसू यायचं. हसू यायचं पण बोलायला कोणी नसायचं. एकदा फुकट प्रवेशाचा दिवस होता म्हणून शहरातल्या संग्रहालयात गेले आणि वेळ जावा म्हणून वस्तूंखालच्या पाट्या मोठ्यानं वाचत बसले. मागं एक खाकी शर्ट घातलेला माणूस उभा होता.

"वाचता येते?"

"सातवीपर्यंत झालंय."

"सातवी पुरते बाई. इथं तं बी.ए.वाले पाटी न वाचताच जातेत. काम करशीन?"

तेच काकाजी. साहेबांकडं माझ्यासाठी तीन वेळा गेले तेव्हा मला झाडलोट आणि तिकीट खिडकीचं काम लागलं. त्या कामानं मला इथं उभं केलं, एवढं तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मी काय केलं ते वाचताना तुम्हाला ते लागेल. रोज संध्याकाळी मला वाटायचं, उद्या हे लोक येऊ नको म्हणतील. अजून वाटतं.

संग्रहालय म्हणजे शांत जागा, असं तुम्हालाही वाटत असेल. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या एकदा. दगडी देवीच्या मांडीवर चहाचे कागदी कप. जुन्या नांगराला समोशाची तेलकट बोटं पुसलेली. काचेवर हिरव्या चटणीचा ओघळ, आणि काचेच्या आत बाराशे वर्षांपूर्वीची मूर्ती. कोपऱ्यात तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी, तीही नेमकी 'येथे थुंकू नये'च्या पाटीखाली. आणि भिंतभर बॅनर, त्यावर पाहुण्यांची तोंडं एवढी मोठी की मागची खिडकी बंद. संग्रहालय सप्ताह, वारसा सप्ताह, चित्रकला स्पर्धा, काहीही असो. वस्तू बघायला कोणी येत नसे. वस्तूला टेकून फोटो काढायला येत. मी आणि काकाजी पुसत बसायचो. मला शिसारी यायची. काकाजी दोन बोटांनी कप उचलून देवीला म्हणायचे, "माफ कर वो माय, शिकलेले लोकं होते."

गेल्या वर्षी साहेबांच्या डोक्यात नवं प्रदर्शन आलं. 'पाण्याकाठची माणसं'. तलावात मासे धरणाऱ्या घरांतल्या जुन्या वस्तू गोळा करायच्या. साहेब स्वतः गावात जाणार नव्हते, गाडीला धूळ लागते. काकाजींना पाठवलं. बायांच्या घरात जायचं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं.

काकाजी स्वतः लाखांदूरकडच्या धान करणाऱ्या घरचे. "आमच्या सात पिढ्यांत कोणी मासोळी धरली नाही, खाल्ल्या मात्र साऱ्या," असं एसटीत सांगत होते. सानगडीला उतरून आम्ही पुढं तलावाकाठच्या एका वस्तीवर चालत गेलो. तिथं एक म्हातारी होती. तिच्याकडं हातानं विणलेलं सुती फेकजाळं होतं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. नवरा वारला होता, जाळं त्यानं विणलेलं. तिचा मुलगा एरवी नायलॉनचं जाळं वापरायचा, पण वर्षातून ज्या दिवशी तलाव मासे धरायला उघडायचा, त्या दिवशी पहिली फेक याच जाळ्याची, असं त्यांच्या घरात चालत आलेलं.

काकाजींनी जाळं हुंगलं. काहीच निकाल दिला नाही.

"नेता तं ने बापू," म्हातारी म्हणाली. "पण एक सांगतो. याले कोणी ओलांडू नये. आमच्या घरी ओलांडलेलं जाळं पुन्हा पाण्यात टाकत नाही."

"कोणी ओलांडत नाही माय. भिंतीले टांगून ठेवू. लोकं दुरून पाहातीन."

मी संग्रहालयाची छापील पावती पुढं केली. म्हातारीनं ती परत माझ्या हातात ठेवली. "कागदाचं काय करू? याच्या जबानीवर देऊन राहिलो मी."

येताना काकाजींनी जाळं मांडीवर घेतलं होतं. पायाशी ठेवा म्हटलं तर म्हणाले, "एसटीत किती पाय असतेत बाई, दिसत नाही का?"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही आलो. सजावटवाला नागपूरहून आला होता, रात्रीतून सगळं लावून गेला होता. पुढच्या दारापासून समईपर्यंत निळा गालिचा, वर निळे दिवे, आणि गालिचावर गोल पसरलेलं ते जाळं. पिना मारून टाचलेलं. दारातून सरळ आत यायचं तर त्याच्यावरूनच.

काकाजी दारातच थांबले. मग कडेकडेनं भिंतीला घासत आत गेले.

"साहेब, हे काढा. मी जबान देल्ली हाय त्या बाईले."

"काकाजी, ही संकल्पना आहे. पाहुण्यांना पाण्यावरून चालत आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"पाण्यावरून चालाची एवढी हौस असंन तं तलाव दूर नाही साहेब."

मागं राहिलेली सजावटवाल्याची पोरं हसली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "दोन माणसं चालली तर झिजणार आहे का ते? आणि त्या आजींचा सत्कारच करतोय आपण. गाडी पाठवलीय त्यांना आणायला. अजून काय पाहिजे?"

हे काकाजींना माहीत नव्हतं. म्हातारी येणार होती. याच दारानं.

ते खाली बसले आणि नखानं पिना उपसायला लागले. एक, दोन, पाच. पिना शेकड्यानं होत्या. बोटातून रक्त आलं तरी उठेनात. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या. साहेब माझ्याकडं वळले. माझ्या हातात कुंकवाचं तबक होतं. "बाई, यांना उचला इथून. नाहीतर उद्यापासून दोघंही घरी."

मी तबक ठेवलं. काकाजींच्या खांद्याला हात लावला. म्हणाले, "काकाजी, उठा ना. माझं बी काम जाईल."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाले, आणि उठले. साहेबांसाठी ते उठले नसते. माझ्यासाठी उठले.

मागच्या दारानं ते धावत रस्त्यावर गेले. म्हातारीला वाटेत गाठून मागून आत आणायचं त्यांच्या मनात होतं. मी पुढं तबक घेऊन उभी.

पाहुणे आले. बूट, सँडल, उंच टाचा. एका बाईंची टाच जाळ्यात अडकली, त्या किंचाळल्या आणि सगळे खदखदून हसले. "अय्या, मासोळीच झाले मी!" त्यांनी पाय झटकला, सूत तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. एक जण आत येताना बुटाचा चिखल जाळ्याच्या कडेला पुसून आला, जसा पायपुसण्याला पुसतात. मुख्य पाहुणे मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरले, म्हणाले, "वा! अगदी पाण्यात असल्यासारखं वाटतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावत होते.

मग गाडी दुसऱ्याच बाजूनं आली आणि थेट पुढच्या दाराशी लागली. म्हातारी नवं लुगडं नेसून उतरली. तिच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि ती सारखा सावरत होती.

"या आजी, या! पाण्यावरून या!" साहेब ओरडले.

ती उंबऱ्याशी आली. वाकली. शिशाचा एक मणी बोटानं चाचपला, ओळख पटवल्यासारखा. सरळ उभी राहिली.

"थो बापू कुठी हाय?"

काकाजी इमारतीला वळसा घालून धापा टाकत आले. तिच्यापासून चार हातांवर थांबले.

"तुया जबानीवर देल्लं होतं रे," ती म्हणाली. एवढंच.

काकाजींनी खाली पाहिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतर कधीही नाही.

म्हातारी आत यायला तयार होईना. मग साहेबच पुढं गेले, बुटांसकट जाळ्याच्या कडेवर उभे राहिले आणि उंबऱ्यापलीकडं हात लांबवून त्यांनी तिच्या अंगावर शाल टाकली. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला, खाली 'लोकजीवनाचा गौरव' असं लिहिलेलं. तो फोटो साहेबांनी चौकट करून तिकीट खिडकीसमोर लावलाय. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. नीट पाहिलं तर शालीच्या खाली तिच्या मुठी आवळलेल्या दिसतात. साहेबांना दिसत नाहीत.

पाहुणे जेवायला गेल्यावर काकाजी पुन्हा खाली बसले. या वेळी मीही बसले. तीन तास आम्ही पिना काढल्या. जाळं घडी करून काकाजींनी खांद्यावर टाकलं, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि बसनं म्हातारीच्या घरी पोचवायला गेले. पुन्हा कामावर आले नाहीत. आठ दिवसांनी साहेबांनी त्या किल्ल्या माझ्याकडं दिल्या, पगारही थोडा वाढवला. मी घेतलं. नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही, हे साहेबांना माझ्याआधी कळलं होतं.

चार महिन्यांनी साहेबांना कळलं की त्या म्हातारीच्या घरी नवं सुती जाळं विणलं जातंय. "घेऊन या," म्हणाले. "पुढच्या महिन्यात मंत्रालयातली माणसं येतायत. जुन्याचे फोटो फार छान आले होते." माझ्या हातात पुन्हा तीच छापील पावती दिली. मी ती पिशवीत टाकली. बसमध्ये बसले.

म्हातारी अंगणात होती. मोहाच्या फांदीला अर्धवट विणलेलं जाळं टांगलेलं, शेजारी बांबूची सुई, जमिनीवर सुताची गुंडी.

"कोण विणतंय आजी?"

"कोण विणंन? थोच, तुमचा काकाजी. दर बुधवारी येते लाखांदूरवरून. म्हणे, तलाव उघडाच्या आंधी तुया पोराच्या हाती जाळं देतो. माया मालकाची सुई मांगून घेतली." तिनं जाळं पुढं ओढलं. "ह्या गाठी पाह्य पोरी. धान्याच्या पोत्याले मारतेत तशा मारल्या. मासोळ्या हासत हासत जातीन याच्यातून."

"येतात तेव्हा त्यांना सांगत का नाही?"

"कायले सांगू? साठीच्या माणसाले?"

सकाळीच येऊन गेले होते ते. बुधवार होता, मला ध्यानात नव्हतं. ध्यानात असतं तर आले असते का, तेही मला सांगता येत नाही. पिशवीतली पावती मी पिशवीतच राहू दिली.

म्हातारी खाली बसली. सुईचं टोक घालून तिनं काकाजींची एक गाठ सोडवली आणि तिथंच आपली घट्ट मारली. मग दुसरी. मग तिसरी. आज विणलेल्या चारही ओळी तिनं तशाच उकलल्या आणि पुन्हा बांधल्या. "थ्याले सांगशीन नको वो," मान वर न करता म्हणाली.

शेवटच्या गाठीशी आली तेव्हा मात्र हात थांबला. ती ढिली गाठ तिनं तशीच ठेवली.

"हे राहू दे," म्हणाली. "कुठी थांबला होता थे समजाले पाहिजे ना थ्याले, बुधवारी आला म्हणजे."