कडकभाऊंचं नाक

कडकभाऊंची गोष्ट लिहायची म्हणतेस, तर नाकापासून सुरुवात कर. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारीने सँडविचवाल्याचं सांगते म्हणून बसवलं आणि इस्त्रीचं काय सांगत सुटली.

त्यांचा मूळ धंदा इस्त्रीचा. आता जिथे बसून तू चीज सँडविच खातेस आणि तारा ओढत हसतेस ना, त्याच जागेत, त्याच लांब टेबलावर त्यांनी तीस वर्षं लोकांचे शर्ट कडक केले. कुणी कपडे घेऊन आलं की मान वर न करता विचारायचे, “कडक की साधी?” म्हणून नाव पडलं कडकभाऊ. स्वभावाने म्हणशील तर निव्वळ लोणी.

इस्त्रीवाल्याचं कसब हातात असतं असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. तर ते म्हणायचे, “मावशी, हात काय, कुणाचाही फिरतो. कपडा करपायच्या आधी एक वास सोडतो. सुती असेल तर भाजल्या पावासारखा, लोकरी असेल तर केस जळल्यासारखा. अगदी जरासा. तो आला की इस्त्री उचलायची. डोळ्याला डाग दिसेपर्यंत थांबलं तर मग कपाळाला हात लावायचा.”

दुपारी घरी जाऊन जेवायला त्यांना सवड नसायची. मग त्यांची बायको काय करायची, दोन पावांच्या मध्ये चीज घालायची, बाहेरून लोणी फासायची, कोऱ्या कागदात गुंडाळायची आणि वर इस्त्री ठेवून द्यायची. चर्र वाजलं की झालं जेवण. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. माझ्या लेकीच्या वयाची आहे, तरी मीही वहिनीच म्हणते. कपडे न्यायला आलेली माणसं तिथे घुटमळायची. पोस्टमन तर दोनदा स्वतःचा धुतलेला शर्ट चुरगळून घेऊन आला होता, का तर त्या वासाने आत यायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून.

आणि मग त्यांना तो ताप आला. आठ दिवस पडून होते. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. तसं नाक जागेवर होतं गं, वास गेला. काही म्हणजे काही कळेना. कांदा नाकाला लावला तरी बघत बसायचे. चवही गेली. वहिनीने केलेलं काही खाल्लं की म्हणायचे, “पुठ्ठा आहे. छान आहे, पण पुठ्ठा आहे.”

कामावर आले त्या पहिल्याच आठवड्यात एका वकिलाचा काळा कोट जाळला. पाठीवर इस्त्रीचा आकार, असा रेखीव की वरून गिरवावा. वकील भला होता, काही बोलला नाही. पण यांनी इस्त्री थंड केली, फळी लावली आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तीन आठवडे. मी एकदा डोकावले, म्हटलं, “कडकभाऊ, भिंत बरी आहे ना?” हसलेसुद्धा नाहीत.

वहिनीने मग स्वतःच ठरवलं. ते टेबल घासून घेतलं, वर पत्रा ठोकला, दोन बाकडी आणली, एक जाड तवा आणला आणि चीज सँडविचचं दुकान मांडलं. नुसतं पाव, चीज आणि लोणी, मिरपूड मागाल तर. सोबत टोमॅटोचं गरम सूप. विजेची मोठी शेगडी लावून पाहिली, पण ती लावली की फ्यूज उडायचा आणि शेजारचा न्हावी अर्धी दाढी राहिलेलं गिऱ्हाईक घेऊन भांडायला यायचा. म्हणून गॅस घेतला.

पाटी मात्र बदलली नाही. अजून तीच आहे, ‘अर्जंट प्रेस करून मिळेल’. एकदा एक नवखा माणूस आला, हातावर कोट टाकून. म्हणाला, “किती वेळ लागेल?”

वहिनी म्हणाली, “पाच मिनिटं. चीज एक थर की दोन?”

तो म्हणाला, “कोटाला?”

शेवटी दोन थरांचं खाऊन गेला. आणि लोकही मागायचे तसंच. “मला साधी इस्त्री.” “मला कडक, कडा मोडल्या पाहिजेत.” पोरं सँडविच दुमडून मागायची, तिला घडी म्हणायची.

आता ते काम कसं चालायचं ते नीट लिही. तव्याशी कडकभाऊच उभे राहायचे. पाव ठेवायचा, वरून वजन दाबायचं, कडेला बोट न लावता फिरवायचा, हे तीस वर्षांच्या हातासारखं कुणाला जमणार? पण कधी उलटायचं ते त्यांना कळायचं नाही. म्हणून वहिनी मागे उभी राहायची आणि नुसती म्हणायची, “उलटा.” मग जरा वेळाने, “काढा.” नवीन माणसाला वाटायचं, काय कजाग बाई आहे, नवऱ्याला श्वास घेऊ देत नाही. अगं, तीच त्यांचा श्वास होती. तिचं नाक आणि त्यांचा हात.

मी रोज दुपारी जायची. दात नाहीत, कडक मला चालत नाही, माझी साधीच. बाहेरून जेमतेम सोनेरी, आत चीज असं सैल झालेलं की पहिल्या घासाला हनुवटीवर येतं. बोटं पुसत बसावं, सूप फुंकावं, आणि गल्लीतलं कोण कुणावर रुसलंय ते ऐकावं.

एकदा अशीच गेले तर दारातच माझं डोकं गरगरलं. आत गॅसचा भपकारा. वहिनी पाव आणायला गेली होती, आणि कडकभाऊ त्या शेगडीशेजारी शांतपणे चीज कापत बसलेले. वाऱ्याने आच विझली होती, बटण तसंच उघडं. काडेपेटी त्यांच्या हाताशी. मी ओरडले, “बंद करा आधी!” ते म्हणाले, “काय बंद करू?”

त्या दिवसापासून वहिनीने त्यांना एक मिनिट शेगडीपाशी एकटं सोडलं नाही. घरीही तेच. जरा डोळा लागला की दचकून उठायची आणि बटणं चाचपायची. आठ महिन्यांत बाई निम्मी झाली. मी म्हणायची, “वहिनी, तू झोपतेस कधी?” तर म्हणायची, “बसल्या बसल्या.”

आणि अशात लेकीचा फोन. एकुलती एक, दुसऱ्या गावाला दिलेली, पहिलटकरीण. तिला सासू नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पलंगावरून उठायचं नाही. रोज दुपारी फोन यायचा. वहिनी तो फोन टेबलावर ठेवूनच बोलायची, हात लोण्याचे असायचे ना.

“आई, येतेस ना गं?”

“येते की.”

“कधी?”

“बघते गं. जरा इथलं बघते.”

“बाबांना घेऊन ये.”

“तुमची एक खोली, त्यात तू आडवी. बाबांना काय खुंटीला टांगू?”

पोस्टमन म्हणाला, दुकान बंद ठेवा दोन महिने. वहिनीने त्यालाच झापलं. “मागच्या वेळी बंद होतं तेव्हा भिंतीकडे बघत बसले होते. तेव्हा निदान मी समोर होते. आणि घरी चहा करायला उठले तर? घरी गॅस नाही का?”

कडकभाऊ ऐकत असायचे. एकदा माझ्यापुढे सूप ठेवताना हळूच म्हणाले, “मावशी, माझ्या नाकापायी पोरगी एकटी पडणार.” मी म्हटलं, “असं बोलू नका.” पण दुसरं काय बोलणार? खरंच होतं ते. दिवस भरायला पंधरवडा राहिला होता, आणि ही बाई जाऊही शकत नव्हती आणि नाही म्हणूही शकत नव्हती.

आता तो दिवस. मंगळवार. आदल्या दिवसापासून माझे गुडघे धरले होते, म्हणून सकाळी तुझ्या आईचं ते हिरव्या डबीतलं मलम भरपूर चोळलं होतं. दुकानात पोस्टमन होता, मी होते. कडकभाऊंनी माझी साधी तव्यावर टाकली, वजन ठेवलं, आणि असं तोंड वाकडं केलं.

“कसला घाण वास येतोय?”

वहिनी मागून म्हणाली, “कसला नाही. उलटा.”

“नाही, येतोय. औषधासारखा. डोळ्यांत जातोय.” आणि तवा सोडून माझ्याकडे आले, वाकले, हुंगले. “मावशी, तुम्हाला येतोय.”

मला असा राग आला म्हणून सांगू. सत्तर वर्षांत मला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. म्हटलं, “माझा वास येतो तर लांब बसते, उद्यापासून येत नाही.” आणि पिशवी उचलली सुद्धा.

पोस्टमन आपला बघतच राहिला. म्हणाला, “थांबा मावशी, थांबा. भाऊ, काय म्हणालात? वास येतोय?”

वहिनीच्या हातातली सुरी तशीच. कडकभाऊंना स्वतःलाच कळायला वेळ लागला. मग त्यांनी माझा गुडघा धरला, चारचौघांत, आणि नाक लावलं. मी लाज सोडली आणि म्हटलं, “घ्या, घ्या हवा तेवढा.”

पुढे जे झालं ते बघायला तू पाहिजे होतीस. वहिनीने मिरपुडीची डबी त्यांच्या नाकाखाली धरली. शिंकले. साबण धरला. “साबण!” चीज धरलं. “हे... हो, जरासं. लांबून.” पोस्टमनने आपली टोपी काढून धरली. कडकभाऊ म्हणाले, “ही धुवा.” मी तर हसून हसून खाली बसले. एवढ्यात ते एकदम ताठ झाले. मान वळवली नाही, काही बघितलं नाही, नुसतं म्हणाले, “करपलं.”

माझी साधी! तव्यावर तशीच राहिली होती. काळी ठिक्कर. आम्हा तिघांनाही तोवर वास आला नव्हता, खरं सांगते, त्यांनी म्हटल्यावर आला.

पण वहिनी काही हसेना. ती अशीच आहे, आनंद झाला तरी आधी तपासून घेणार. त्यांना म्हणाली, “तिकडे बसा, दाराकडे तोंड करून. मावशींना त्यांच्या सुनेचं काही विचारा.” हे बसले. मीही तुझ्या आईची चांगली दोन गाऱ्हाणी सांगितली, ती काही लिहू नकोस. वहिनी मागे काय करते ते मला दिसत होतं. तिने तवा उतरवला, आच विझवली, आणि काडी न लावता बटण उघडलं. थोडंसंच. ओठ असे घट्ट मिटलेले. मी बोलत राहिले, पण काय बोलत होते ते देव जाणे. एक, दोन, तीन, चार...

कडकभाऊ ताडकन उठले. बाकडं आडवं पडलं. “गॅस! अगं, गॅस सुटलाय! बघतेस काय, बंद कर!” तिच्यावर एवढे कधी ओरडले नव्हते. स्वतःच धावले, बटण फिरवलं, पोस्टमनला म्हणाले, “दार उघडा, दार!” आणि वळून वहिनीवर डाफरले, “अक्कल गहाण टाकलीस का? मला मारतेस?”

वहिनी तिथेच जमिनीवर बसली. रडेना, हसेना. नुसता एक लांब श्वास सोडला, आठ महिने कोंडून ठेवल्यासारखा. मग म्हणाली, “ओरडा. अजून ओरडा.”

दारं उघडून हवा खेळल्यावर कडकभाऊंनी तवा पुन्हा चढवला. चार टाकली. वहिनी माझ्याशेजारी बाकड्यावर बसली, गिऱ्हाइकासारखी, आणि मागून “उलटा” म्हणायला कुणी नव्हतं. आम्ही तिघं त्यांच्या पाठीकडे बघत होतो. त्यांनी मान जराशी तिरकी केली, हुंगलं, उलटलं. पुन्हा हुंगलं, काढलं. वहिनीने घास घेतला. हनुवटीवर चीज आलं ते तिने पुसलंही नाही. म्हणाली, “जरा कडक झालीय.”

“झाली असेल,” ते म्हणाले. “मी आज नवीन आहे.”

त्यांनी स्वतः दोन खाल्ली. मी विचारलं, “पुठ्ठा आहे का?” तर तोंड भरलेलं, हातानेच सांगितलं, गप्प बसा.

दुपारचा फोन आला तेव्हा वहिनीचे हात कोरडे होते, तरी टेबलावर ठेवूनच बोलली.

“आई, येतेस ना गं?”

“उद्या सकाळच्या बसने.”

पलीकडून म्हणाली, “आणि बाबा?”

“तुझ्या बाबांना आता लोकांच्या टोप्यांचासुद्धा वास येतो. त्यांची काळजी सोड.”

तरी जाताना मला बाजूला घेऊन म्हणालीच, “मावशी, रोज दुपारी येत जा.” मी म्हटलं, “राखण करायला?” म्हणाली, “जेवायला.” मी गेलेच रोज. राखायला काही नव्हतं. फक्त पहिले आठ दिवस सगळ्यांना जरा कडकच खावी लागली.

वहिनी परत आल्यावर तिनेच सांगितलं, त्या दिवशी बसमध्ये काय झालं ते. खिडकीला डोकं टेकलं, बस वळली, आणि पुढचं काहीच आठवत नाही. लेकीचं गाव आलं आणि गेलं. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने खांदा हलवला, “बाई, उठा, गाडी पुढे जात नाही.” भर दुपार, ऊन डोक्यावर, आणि ही तीन गावं पुढे. जावई स्कूटर घेऊन न्यायला आला. सासूच्या गालावर खिडकीच्या दांडीचा हा एवढा वळ. तो हसायला लागला. म्हणाला, “आई, झोप झाली का?”

ती म्हणाली, “सुरुवात झाली.”