बाबांच्या मस्टरमधलं दुसरं नाव

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्यामुळे शिकूनसवरून चुका करण्याचा मानही घरात माझाच.

माझ्या बायकोचा, सुजाताचा, जयपुरात फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. ती गुडघे बघते, मी कागद बघतो (बी.कॉम., तेही पहिल्या झटक्यात!) आणि उरलेलं सगळं रामप्यारीजी बघतात. जवळच्या बस्सी गावाहून येणाऱ्या या मदतनीस बाईंनी नुसतं "बैठो" म्हटलं, की पेशंटचं अर्धं दुखणं जागच्या जागी बसतं.

एका रविवारी मी जाहीर केलं, "यापुढे रामप्यारीजी नोकर नाहीत. स्वतंत्र कंत्राटदार! पगार नाही, फी. करात सोपं पडतं."

"त्यांना विचारलंत?" सुजाता म्हणाली.

"कायद्याचं कुणाला विचारायचं नसतं!"

दोन पानी करार केला. वेळ त्यांची, पद्धत त्यांची, सामान त्यांचं. जमलं नाही तर बदली माणूस पाठवायची मुभा. रामप्यारीजींनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

"मतलब मैं पक्की नहीं?"

"अरे, आप तो मालिक हो!"

"ठीक है, भैयाजी. पर सामनेवाला अस्पताल पक्की नौकरी दे रहा है. शनिवार तक सोचूँगी."

सुजाताचा चेहरा उतरला. त्या गेल्या तर दवाखान्यात उरणार मी आणि गरम पाण्याची पिशवी.

सोमवारी 'मालिक' स्वतःचा झाडू घेऊन अकराला उगवल्या. मंगळवारी बदली म्हणून त्यांच्या सासूबाई आल्या आणि थेट पेशंटच्या टेबलावर आडव्या झाल्या. कंबर धरली होती! करारात सगळं बसत होतं.

बुधवारी हे न बघवून माझे बाबा उठले. बाबा रेल्वेत गँगचे मुकादम होते. ज्याची हजेरी नाही, तो माणूस त्यांच्या लेखी जन्मलाच नाही. त्यांनी वही आखली, गळ्यात शिट्टी अडकवली, झाडू जमा करून त्यावर नंबर टाकला आणि दारात खुर्ची टाकून बसले.

"काऊन उशीर, बाई? करा सही!"

रामप्यारीजींनी हसत सही केली.

शनिवारी आमचे सीए कुलकर्णीकाका आले. करार वाचून "वा!" म्हणाले. मग त्यांना वही दिसली.

"स्वतंत्र माणसाची हजेरी? आणि हा रजेचा अर्ज?"

"मंजूर केलाय. लाल शाईनं," बाबा छाती काढून म्हणाले.

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे पदवीधरा, कागदावर काय लिहिलंय ते राहू दे. काम कसं चालतं ते कायदा बघतो! बोलिए रामप्यारीजी, टाइम किसका?"

"बाबूजी की सीटी का."

"झाडू?"

"मेरी थी. अब नंबर तीन है."

"हुकम कौन देता है?"

"हुकम तो मैं देती हूँ."

"किसको?"

"भैयाजी को. दूध, बिल, पंखा, सब."

"और भैयाजी की जगह बदली?"

"सासूजी से पूछा था. उन्होंने मना कर दिया."

मी थक्क! तीन वर्षं पुस्तकं घोकून मला जे कळलं नाही, ते या बाईनं उभ्याउभ्या मांडलं होतं. आमचा दवाखाना कोण चालवतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं.

"बाई नोकरीतच," काकांनी निकाल दिला. मी करार फाडला आणि नेमणूकपत्र लिहिलं. रामप्यारीजींनी ते कपाळाला लावलं, पदराखाली ठेवलं आणि समोरच्या इस्पितळाला फोनवर "ना" सांगितलं. सुजाता रडायचीच बाकी होती.

बाबांच्या मस्टरमध्ये आता दोन नावं आहेत. पहिल्यापुढे रोज आठच्या ठोक्याला सही असते. दुसऱ्यापुढे ठळक अक्षरांत 'बी.कॉम.' आणि शेजारी लाल शाईत 'उशीर'. त्यानं परवा रजेचा अर्ज केला होता.

रामप्यारीजींनी नामंजूर केला.