चित्र पाहायचं अन् दाबायचं

चहाचं पातेलं रोज घासलं तरी बुडाला काळा थर धरतोच. आमच्या ऑफिसातले किस्सेही तसेच साचतात. लोक ऐकून हसतात. मला मात्र सांगताना अजून राग येतो.

चिखलीच्या बाजारात धान्याच्या दुकानावर माडीत आमचं ऑफिस. मी तिथे चहा करतो, झाडलोट करतो. मला सगळे आबा म्हणतात. तिथे भाजीचं ॲप बनतं. शेतकऱ्याने मोबाईलवर आपल्या भाजीचं चित्र दाबायचं, की गावातला घेणारा माल मागवतो.

माझी धाकटी बहीण कांता उंद्रीला भाजी पिकवते. तिला वाचता येत नाही. तिच्या फोनमध्ये ॲप मीच टाकायला लावलं. म्हटलं, "बाई, चित्र पाहायचं अन् दाबायचं. बस!"

*

चित्रं शबाना काढते. इतकी सुरेख! एक दिवस साहेब म्हणाले, "वांगं जरा प्रीमियम दिसू दे." तिने देठाचे काटे काढले, चकाकी दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, "हे वांगं आहे की फुगा? काटे कुठे गेले?"

शबाना म्हणाली, "सर, प्रीमियममध्ये गेले!"

*

तिसऱ्या दिवशी साहेबांना पहिलंच आवडायचं. म्हणून शबाना जुनं काही फेकत नाही. एका चित्राचं नाव 'फायनल', मग 'खरं फायनल', मग 'आता तरी फायनल'.

एकदा साहेबांनी विचारलं, "हे 'आबा फायनल' काय आहे?"

ॲप बनवणारा संदीप मान वर न करता म्हणाला, "ज्यात आबांना भाजी ओळखू येते ते, सर."

*

पूर्वी एक चित्र बदललं की अख्खं ॲप नव्याने पाठवावं लागे. संदीप वैतागला. त्याने सगळी चित्रं ॲपच्या बाहेर एका जागी ठेवली. नाव तेच, चित्र तेवढं बदलायचं, की सगळ्यांच्या फोनवर आपोआप बदलतं.

काम चांगलं केलं, पण किल्ली साहेबांच्या हाती दिली! साहेब लग्नाच्या पंगतीत बसूनही चित्रं बदलू लागले. मिरची सकाळी हिरवी, दुपारी लाल.

जानेफळहून एकाचा फोन आला, "ओ भाऊ, माही मिरची वावरात हिरवी हाये. तुमच्या मोबाईलात काऊन पिकून राह्यली?"

*

दिवाळीला साहेबांनी प्रत्येक भाजीवर पणती चढवली. लहान फोनवर नुसती पणतीच दिसे.

कांता म्हणाली, "दादा, भाजी सोडून सारे दिवेच विकून राह्यले काय?"

मी साहेबांना सांगितलं. "फेस्टिव्ह लूक आहे, आबा!"

*

मग त्यांनी पत्ताकोबीचं चित्र बदललं. नेटवरून एक झकास फोटो उचलला आणि त्या नावावर चढवला. फोटो फुलकोबीचा! कोणी तपासला? कोणीच नाही.

कांताची फुलकोबी निघाली होती. तिने फुलकोबीचा पहिला दिसला तो फोटो पाहिला अन् दाबला; त्याखाली नाव होतं पत्ताकोबी. चिखलीच्या एका खानावळीला पत्ताकोबी हवी होती. जीपमधून उतरली फुलकोबी! खानावळवाल्याने माल परत धाडला, आणि ॲपने कांताच्या नावावर लाल शिक्का मारला: खोटा माल. तिची विक्री बंद!

ती फोनवर रडत होती. "दादा, मी तं फुलकोबीच दाबली ना! मले खोटी म्हनते हे?"

साहेबांनी चित्र गुपचूप बदललं, पण शिक्का काढेनात. म्हणे, "खाली नाव लिहिलेलं होतं. त्यांनी वाचायला पाहिजे होतं."

मी कधी कोणावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "वाचता आलं असतं तं तुमची चित्रं कशाले लागली असती?"

साहेब म्हणाले, "आबा, चहा आणा."

*

दुसऱ्या दिवशी कांताच आली. परत आलेल्या मालाचं पोतं स्वतः माडीवर चढवलं. त्यातला एक गड्डा काढून साहेबांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

साहेब दचकले. "हे काय, मावशी?"

"तुमीच सांगा."

"फुलकोबी."

कांताने गड्डा उचलला, खालून-वरून फिरवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"नाव कुठी लिवलं हाये याच्यावर?"