गिरणेपलीकडे, नारूच्या गावी

नको तिथे नाक खुपसण्याची मला जुनीच खोड आहे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईकडे जळगावला गेले आणि भाऊजी दौऱ्यावर निघालेले दिसले, तेव्हा मी न विचारताच जीपमध्ये जाऊन बसले. भाऊजी सरकारी डॉक्टर. ताई म्हणाली ऊन लागेल, भाऊजी म्हणाले कंटाळशील. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण पुण्यात आमचं खानदेशाचं ज्ञान केळी आणि भरीत यापुढे सरकत नव्हतं. मला तो बघायचाच होता.

पाचोऱ्याला चहा झाला. भडगावला गिरणा आडवी आली, म्हणजे नुसती वाळू आणि मधून पाण्याची एक बारीक धार. त्या वाळूत जीप रुतली. कलिंगडाच्या वाडीतल्या दोघांनी येऊन ढकलली, वर एक कलिंगडही फोडून दिलं. कुठल्या गावाला जाताय ते कळल्यावर त्यातला एक मला म्हणाला, "तठलं (तिथलं) पानी पिऊ नका, बाई." का, असं विचारेपर्यंत तो वाडीकडे वळलाही होता. पुढचा सगळा रस्ता मी भाऊजींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

गाव लहान, कपाशीच्या काळ्या रानात. वेशीजवळ दगडी पायऱ्यांची विहीर, इतकी देखणी की मी पाहतच राहिले. पाण्याला टेकलेल्या पायरीवर एक बाई पाय बुडवून डोळे मिटून बसली होती, आणि तिच्याशेजारीच तिची सात-आठ वर्षांची मुलगी कळशी भरत होती. भाऊजी पायऱ्या उतरत ओरडले, पाय वर घे. बाईने पाय काढला. घोट्यावर फोड फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. हाच तो नारू, माणसाच्या अंगात वाढणारा जंत. बाईचं नाव यमुना.

"पानीमा पाय ठेवा का आग थांबस, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "दुसरं काय करू?"

भाऊजींनी पट्टी बांधता बांधता मला सगळं समजावलं. पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं सोडतो, पाण्यातले अगदी बारीक किडे त्या पिल्लांना खातात, ते किडे पिण्याच्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. मग साधारण वर्षभराने पायातून नवा नारू निघतो. मी त्या भरलेल्या कळशीकडे पाहिलं.

दुपारी जेवण कांतिशेठकडे. त्यांचं गावात किराणा-कापडाचं दुकान, कुटुंब मूळचं मारवाडातलं, जैन. विहीर त्यांच्या वडिलांनी गावासाठी बांधलेली. दाल-बट्टीवर तूप ओतताना त्यांच्या आई, मांजी, हात आखडता घेत नव्हत्या आणि खाताना भाऊजीही. या घरात कधी कोणाला नारू झाला नव्हता, कारण पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कोणी पीत नसे. भाऊजी त्याचंच कौतुक करत होते. मला मात्र भलतीच शंका आली. गाळल्यावर त्या कापडाचं पुढे काय करता, मी मांजींना विचारलं.

त्या म्हणाल्या, कापड उलटं करून गाळलेल्या पाण्याने तांब्यात खळबळायचं आणि तो तांब्या खालच्या पायरीवर जाऊन विहिरीत अलगद सोडायचा. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. "म्हणजे गाळलेले किडे पुन्हा गावाच्याच पाण्यात," भाऊजी म्हणाले.

आता मला इथली अडचण कळली. विहिरीत औषध टाकायला कांतिशेठनी दोनदा नकार दिला होता, जीव मरतील म्हणून. भाऊजी म्हणाले, "जीव राहू देत, पाय नकोत. पायऱ्या बुजवू, वर रहाट बसवू." शेठ नाही म्हणाले. वडिलांची आठवण बुजवायची कशी, आणि वरून पाणी टाकलं तर त्या जिवांना मार नाही का लागणार? माणूस खोटा नव्हता, खरोखरच कासावीस झाला होता. पण मला राहून राहून ती यमुनेची मुलगी दिसत होती, आणि मला त्यांचा रागही आला.

मग मी मांजींना विचारलं, तुमच्या माहेरी विहिरींना पायऱ्या होत्या का? त्या हसल्या. आत जाऊन पितळेची एक छोटी बादली घेऊन आल्या. तिच्या बुडालाही कडी होती. दोरीने खाली सोडली की पाण्याला टेकल्यावर बादली अलगद उलटी व्हायची. माहेरच्या खोल विहिरीत जीव असेच परत सोडायचे. मग त्या आपल्या मुलाशी, कांतिशेठशी, मारवाडीत बोलल्या. अर्थ मला कळला तो असा: तुझ्या वडिलांनी पायऱ्या लोकांच्या सोयीसाठी बांधल्या, त्यांनी लोक पंगू होताना पाहिले असते, तर त्यांनीच त्या बुजवल्या असत्या. शेठनी ताट बाजूला सारलं आणि भाऊजींना सांगितलं, बुजवा पायऱ्या.

संध्याकाळी पारावर भाऊजींनी गावकऱ्यांना बजावलं की आजवर प्यालेल्या पाण्यातला नारू पुढच्या उन्हाळ्यात निघणारच. तेव्हा धीर सोडू नका. यमुनेने मुलीला जवळ ओढून विचारलं, "मनी आंडेरले (माझ्या मुलीला) निंघी का?"

भाऊजी म्हणाले, निघू शकतो.

मी पुण्याला परतले, पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. दोन वर्षांनी उन्हाळ्यात मी हट्टाने पुन्हा गेले. विहिरीवर रहाट होता, पायऱ्यांच्या तोंडाशी दगड रचलेले होते, आणि दोर ओढत होती यमुनेची मुलगी. तिच्या घोट्यावर वण होता.

यमुनेने मला कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी वाढली आणि सांगितलं. मधल्या उन्हाळ्यात गावात पूर्वीइतकेच नारू निघाले. लोक चिडले, डॉक्टरने फसवलं म्हणाले, दगड काढून पुन्हा खाली उतरायला निघाले. त्यातच पोरीचा पाय फुटला.

"रोज रडे, माले (मला) विहीरवर लई चाल (घेऊन चल) म्हने," यमुना म्हणाली. "बठ्ठा (सगळे) म्हनेत, या बाईले काळीज नही शे. मी लई गऊ नही (नेलं नाही)."

तिने घरीच घमेल्यात पोरीचा पाय बुडवून घेतला, ते पाणी लांब रानात नेऊन ओतलं, आणि आपल्या हातांनी दगड परत रचले. बायका बघत होत्या. मग एकेक जण मदतीला आली.

परतीच्या वाटेवर मी भाऊजींना एकच प्रश्न विचारला, यंदा किती? यंदा त्या गावात एकही नारू निघाला नव्हता. शेवटचा निघाला तो त्या पोरीच्या पायातून, आणि तो तिच्या आईने विहिरीपर्यंत पोचू दिला नाही.